मागच्या अंगणातला पालक : इंदूरच्या एका परसबागेचा जमाखर्च

आपल्या मंडळात आजवर सरदार घराणी, छत्र्या, शिलालेख, मोडी दफ्तरं यांवर भरपूर निबंध वाचले गेले. या वेळी मी ‘पालक’ हा विषय सांगितला, तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी विचारलं, “म्हणजे आई-बापांविषयी का?” नाही. पालक म्हणजे भाजीचा पालक. घरामागच्या क्यारीत पेरायचा, ताकात किंवा डाळ-दाणे घालून पातळ भाजी करायची, तोच. (महाराष्ट्रातले पाहुणे वाफा म्हणतात. इंदुरात आपण क्यारीच म्हणतो, म्हणून मीही तेच लिहितो.)

मी पेशानं स्थापत्य अभियंता. इतिहासाचं रीतसर शिक्षण नाही. वाचायचं, मोजायचं, ताडून पाहायचं एवढंच येतं. हा निबंध सुरू झाला तो आजोबांच्या जमाखर्चाच्या वह्यांपासून. आजोबा होळकर दरबारात कारकून होते. १९३४ साली त्यांनी जुन्या इंदुरात दोन खण आणि मागे अंगण असलेलं घर घेतलं. वह्या त्याच वर्षापासून आहेत. पै-पैचा हिशेब. त्यात मे १९३५ मध्ये एक नोंद आहे : ‘मागे खड्डा खणणे, मजुरी ६ आणे.’ खाली लगेच ‘शेण २ पाट्या’. आणि दसऱ्यानंतर ‘पालक बी, मेथी बी’. पुढे दर वर्षी दसऱ्यानंतर हीच बियांची नोंद येते. पालक तेव्हापासून १९९७ पर्यंत आमच्या अंगणात होता. तो का आला, कसा टिकला आणि कोणी संपवला, हे सांगायचं आहे.

आधी, कोणता पालक?

घरच्या भाजीबद्दल लिहिताना पहिली अडचण नावाची. पालक या एकाच नावाखाली दोन वेगळ्या वनस्पती आहेत. एक खरा विलायती पालक, शास्त्रीय नाव स्पिनेशिया ओलेरेशिया. याचं मूळ इराणच्या बाजूचं मानतात. दुसरा आपला देशी पालक. तो बीटाच्या कुळातला, बीटाचाच भाऊ म्हणा. फक्त कंद धरायच्या ऐवजी पानं देणारा. रॉक्सबर्गनं त्याला बंगालच्या नावावरून बीटा बेंगालेन्सिस म्हटलं होतं. आज तो बीटा व्हल्गॅरिसचा एक प्रकार मानला जातो. बाजारात मिळणारं ‘ऑल ग्रीन’ किंवा ‘पूसा ज्योती’ हे बियाणं या देशी पालकाचंच.

शब्दाचा प्रवासही मोठा आहे. भावप्रकाशासारख्या सोळाव्या शतकातल्या निघंटूत शाकांमध्ये ‘पालंक्या’ येते. दुसरीकडे, इ.स. ६४७ मध्ये नेपाळच्या राजानं चीनच्या तांग दरबारात जी भाजी पाठवली, तिचं चिनी नाव ‘बोलेंग’ असं नोंदलं गेलं. पालंक आणि बोलेंग शेजारी ठेवून म्हणून पाहा, नातं कानालाच कळतं. पण चीनला गेली ती विलायती पालकाची जात, आणि आपल्याकडे निघंटूतली पालंक्या बहुतेक अभ्यासक देशी पालक समजतात. नाव एक, झाडं दोन, ही गंमत तेव्हापासूनची.

मग आमच्या आजीचा पालक कोणता? वहीत ‘पालक बी’ एवढंच आहे. उत्तर मिळालं ते आजीच्या एका वाक्यात. ती पेरताना म्हणायची, “दाट नको टाकू. एका बियातून तीन-तीन जण निघतात.” देशी पालकाचं आपण ज्याला ‘बी’ म्हणतो तो खरं तर दोन-चार बियांचा एकत्र चिकटलेला खडबडीत गोळा असतो, अगदी बीटासारखाच. म्हणून एका दाण्यातून रोपांचा झुबका येतो. विलायती पालकात असं होत नाही. त्यात नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं असतं. आजीनं बियांसाठी राखलेल्या प्रत्येक झाडावर बी धरायचं, तिला कधी वांझ झाड मिळालं नाही. या दोन आठवणी जुळल्या आणि नोंद पक्की झाली : आमच्या अंगणात होता तो देशी पालक.

दशांशचिन्हाची गोष्ट

इथे थोडं विषयांतर, पण कामाचं. पालकाबद्दल एक गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. एका जर्मन शास्त्रज्ञानं पालकातलं लोह मोजताना दशांशचिन्ह एक घर चुकवलं, त्यामुळे लोह दहापट दिसलं, आणि म्हणून पॉपाय नावाचा खलाशी डबे फोडून पालक खाऊ लागला. मीही अनेक वर्षं ही गोष्ट नव्या अभियंत्यांना सांगायचो : “बघा, एका टिंबानं काय होतं!”

ही गोष्ट गाजली ती १९८१ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातल्या लेखामुळे. पुढे कोणी तरी मुळापर्यंत गेलं, तेव्हा त्या चुकलेल्या टिंबाला आधारच सापडला नाही. पॉपायनंही १९३२ च्या चित्रकथेत पालक खाण्याचं कारण लोह नव्हे, ‘अ’ जीवनसत्त्व सांगितलं होतं. म्हणजे चुकीच्या आकड्याबद्दल सावध करणारी गोष्ट स्वतःच न तपासता पसरली, आणि पसरवणाऱ्यांत मीही होतो. पालकात लोह आहे, पण ऑक्झलेटमुळे ते शरीराला फारसं लागत नाही, एवढीच साधी बाब.

हे सांगायचं कारण असं की आमच्या घरातही अशीच एक दंतकथा होती. “आजोबांना खड्ड्याची पद्धत खुद्द हॉवर्डसाहेबांनी शिकवली,” असं माझे काका लग्नाकार्यात सांगत. टिंबाच्या गोष्टीत तोंड पोळल्यावर मी हीही गोष्ट तपासायला घेतली.

हॉवर्ड, वाड आणि इंदूरचा खड्डा

अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांच्या पत्नी गॅब्रिएल हे दोघंही वनस्पतिशास्त्रज्ञ. १९०५ पासून हॉवर्ड बिहारात पूसा इथे सरकारी नोकरीत होते. १९२४ मध्ये ते इंदुरात आले आणि इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री ही संस्था उभी राहिली. होळकर दरबारानं ३०० एकर जमीन ९९ वर्षांच्या पट्ट्यानं दिली, पैसा कापूस समितीकडून आणि मध्य भारतातल्या संस्थानांकडून आला. आज तिथे कृषी महाविद्यालय आहे.

संस्थेचं मुख्य काम कापूस. पण माळव्याच्या काळ्या मातीत काम करणाऱ्याला लवकरच कळतं की ही माती पावसात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा. हात जाईल एवढ्या भेगा. पाया खोदणाऱ्या आम्हा लोकांना तिचा जेवढा त्रास, तेवढाच पीक घेणाऱ्याला. तिला भुसभुशीत ठेवायचं तर कुजलेलं सेंद्रिय द्रव्य हवं, आणि शेण तर निम्मं चुलीत जातं. तेव्हा शेतातला पालापाचोळा, काड्या, तण, गोठ्यातली मूत मुरलेली माती, राख आणि थोडं शेण यांपासून खत करायची पद्धत इथे बसवली गेली. खड्डा ३० फूट लांब, १४ फूट रुंद, दोन-तीन फूट खोल. थर द्यायचे, ओलावा राखायचा, दाबायचं नाही, हवा खेळली पाहिजे. पहिली परतणी साधारण १६ दिवसांनी, दुसरी महिन्यानं, तिसरी दोन महिन्यांनी. तीन महिन्यांत खत तयार. सुरुवातीला कर्ब आणि नत्राचं प्रमाण साधारण ३३ ला १ असावं, असा हिशेबही त्यांनी दिला. या पद्धतीला जगात नाव मिळालं ‘इंदूर पद्धत’.

या पद्धतीवरचं पुस्तक १९३१ साली ऑक्सफर्डनं छापलं. त्याच्या मुखपृष्ठावर दोन नावं आहेत : अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत डी. वाड. वाड हे संस्थेत रसायन विभागाचे मुख्य साहाय्यक. ओलावा, तापमान, नत्र यांची मोजमापं हा रसायनाचा प्रांत, आणि पद्धत उभी आहे ती त्याच मोजमापांवर. हॉवर्ड १९३१ मध्ये निवृत्त होऊन इंग्लंडला गेले, त्यांचं १९४० चं पुस्तक जगभर वाचलं गेलं, अमेरिकेत रोडेल यांनी त्या विचारावर १९४२ मध्ये मासिक काढलं. आज इंग्लंड-अमेरिकेत घरामागे जो खताचा ढीग दिसतो, त्याच्या वंशावळीत इंदूर आहे. पण त्या वंशावळीत वाड हे नाव क्वचितच घेतलं जातं. आपल्या गावातही नाही. गणेश चिमणाजी वाड यांनी पेशव्यांच्या रोजनिशीतून उतारे काढले, ते नाव आपल्या मंडळात प्रत्येकाला पाठ. यशवंत वाड हे नाव बैठकीत विचारलं, तर एकही हात वर आला नाही. इतिहास म्हणजे फक्त दफ्तर, असं आपण धरून बसलो त्याचा हा परिणाम.

वाड यांचं काम हॉवर्ड गेल्यावर थांबलं नाही. नंतरचे प्रमुख जॅक्सन यांच्याबरोबर त्यांनी १९३४ मध्ये वस्तीतला कचरा आणि मैला याच पद्धतीनं निर्धोक कुजवून शेतीला कसा वापरावा, यावर लिहिलं. म्हणजे शेतातला खड्डा गावात आणण्याचं पाऊल. आणि एप्रिल १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी गांधीजी इंदुरात आले, तेव्हा त्यांनीही संस्थेत जाऊन हे खत पाहिलं.

आता दंतकथेकडे. घर घेतलं १९३४ मध्ये, हॉवर्ड गेले १९३१ मध्ये. आधीचं बिऱ्हाड माडीवरच्या खोलीत होतं, तिथे खड्डा कुठला! तेव्हा साहेबांनी शिकवलं ही गोष्ट बाद. काकांना हे सांगितलं तर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. पण खड्डा खणला मे १९३५ मध्ये. वाड-जॅक्सन यांचं लिखाण आदल्या वर्षीचं, गांधीजींची भेट आदल्या महिन्यातली, गावात चर्चा ताजी. शिकवणारा साहेब नव्हता, गावातली हवा होती, असं म्हणायला माझी हरकत नाही.

आजीची क्यारी

याहून मोठा पुरावा आजीच्या हातात होता. खेड्यातल्या उकिरड्यात आणि इंदूर पद्धतीत मुख्य फरक परतणीचा. उकिरडा पडून राहतो, कोणी परतत नाही. आजी परतायची. तारखा ती पंचांगावर धरायची : अमावास्येला भरला तर पौर्णिमेला पहिल्यांदा, पुढच्या अमावास्येला दुसऱ्यांदा, मग एक अख्खा महिना सोडून तिसऱ्यांदा. पंधरा दिवस, एक महिना, दोन महिने. संस्थेचे १६ दिवस, एक महिना, दोन महिने. ही पत्रिका जुळली तेव्हा मी वही मिटून थोडा वेळ बसून राहिलो.

दुसरी खूण. नवा खड्डा भरताना ती जुन्या, कुजत आलेल्या खड्ड्यातली एक टोपली मधल्या थरात पसरायची आणि म्हणायची, “विरजण लावल्याशिवाय दही लागतं का?” संस्थेच्या पद्धतीतही दहा-पंधरा दिवस कुजलेल्या खड्ड्यातला बुरशी धरलेला माल नव्या खड्ड्यात मिसळायला सांगितलं आहे. इंग्रजीतलं वाक्य आजीनं वाचलं नव्हतं. ती चौथीपर्यंत शिकलेली.

आमचं अंगण १८ फूट बाय १२ फूट. कोपऱ्यात खड्डा, सहा बाय चार. भिंतीकडे केळ आणि अळू. मधल्या क्यारीत पालक, कडेला मेथी, कोथिंबीर. काळ्या मातीत पाणी साचतं म्हणून क्यारी चार बोटं उंच. दसऱ्यानंतर तीन पाट्या खत मिसळायचं. बी रात्रभर पाण्यात. दुसऱ्या दिवशी बोटानं रेघ ओढून अर्ध्या पेराएवढं खोल, दोन रेघांत वीतभर अंतर. आठवड्यात उगवण. झुबके दिसले की विरळणी, आणि विरळलेली कोवळी रोपं त्याच संध्याकाळी वरणात. मावा दिसला तर सकाळी दवावर चुलीतली राख.

महिन्याभरात पहिली कापणी. उपटायचा नाही, दोन बोटं देठ ठेवून कापायचा, मग पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा. थंडीभर पाच-सहा कापण्या होत. होळीच्या सुमारास देठ लांबून फुलोरा येई. तेव्हा चार जोमदार झाडं बियांसाठी राखून बाकीची खड्ड्यात. वहीतली बियांची नोंद तरीही दर वर्षी आहे, कारण घरचं बी पुरलं नाही तर वर थोडं घेत असत.

पाणी हा या बागेचा खरा कणा. विहीर सामायिक, चार घरांची. ओढून आणलेलं पाणी कोणी सांडत नसे. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी पालकाला, आंघोळीचं मोरीतून चर काढून केळीला, साबणाचं अळूकडे. पालकाच्या पानांवर मोरीचं पाणी कधी नाही, हा तिचा नियम. पाण्याच्या प्रतवारीनुसार वापर, असं मी पुढे परिसंवादांत ऐकलं. आजीकडे त्याला नाव नव्हतं, पण जागा ठरलेल्या होत्या.

“पाणी कुठं जाईल?”

१९७८ मध्ये नर्मदा इंदुरात आली. सत्तर किलोमीटरवरून, डोंगर चढवून आणलेलं पाणी. एक अभियंता म्हणून मला त्या कामाचा अभिमानच आहे. नळ घरात आला, बायकांच्या खांद्यावरचं ओझं उतरलं. याबद्दल उसासे टाकणाऱ्यांनी आधी दहा घागरी ओढून पाहाव्यात. पण नळाबरोबर दोन गोष्टी बदलल्या. पाणी मोजून वापरायची सवय गेली. आणि कपड्यांची पावडर आली, तिचं पाणी केळीलाही सोसेना. मोरीचा चर बुजला, नळी थेट गल्लीतल्या नालीला जोडली. विहिरीवर फरशी टाकली. अंगणाचं पाण्याशी असलेलं नातं असं एकेक सांधा निखळत सुटलं.

शेवटचा सांधा मी काढला. १९९७ साली. नुकतंच काम लागलं होतं, हातात ज्ञान होतं. मागच्या भिंतीला ओल येत होती आणि तिचं कारण क्यारी, असं मी ठरवलं. अठरा बाय बारा, चार इंच जाड काँक्रीट, एकास दोन चार, नालीकडे व्यवस्थित उतार. रविवारी सकाळी मजूर आले, तेव्हा पालकाची दुसरी कापणी व्हायची होती.

आजी दारात उभी होती. म्हणाली, “अरे, तू काय करून राहिला? पाणी कुठं जाईल?”

मी म्हटलं, “नालीत, आजी.”

ती पुढे काही बोलली नाही. खुरपं धुतलं, पुसलं आणि कोठीत ठेवलं. दोन वर्षांनी ती गेली.

भिंतीची ओल गेली नाही. ती छताच्या पन्हाळीतून येत होती. हे मला २००३ मध्ये कळलं.

आता

२०१९ मध्ये मी त्या काँक्रीटचा दहा बाय चार फुटांचा तुकडा फोडला. खालची माती फिकट, घट्ट, वासाला मेलेली. एक गांडूळ नाही. पहिल्या वर्षी पालक वीतभरही वाढला नाही, पिवळा पडला. तेव्हा कोपऱ्यात पुन्हा खड्डा घेतला, अमावास्या-पौर्णिमा पंचांगात बघून परतला. विरजण शेजारच्या गोशाळेतून मागून आणलं. दुसऱ्या वर्षी तीन कापण्या, तिसऱ्या वर्षी पाच. सहावी अजून जमलेली नाही.

आपलं शहर २०१७ पासून सलग अनेक वर्षं स्वच्छतेत देशात पहिलं आलं. ओला कचरा वेगळा द्यायची सवय लहान पोरांनाही लागली. देवगुराडियाला २०२२ मध्ये रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस आणि खत करणारा प्रकल्प सुरू झाला. हे मोठं काम आहे, मला त्यात खोट काढायची नाही. पण तिथले माहितीफलक वाचताना सारखं वाटतं, की याच गावात नव्वद वर्षांपूर्वी वस्तीच्या कचऱ्याचं खत कसं करावं हे मोजून-मापून लिहून ठेवलं होतं, आणि लिहिणाऱ्या दोघांतले एक वाड होते. त्यांचं नाव गावात एखाद्या पाटीवर यावं, अशी मंडळानं महापालिकेला आणि महाविद्यालयाला लेखी विनंती करावी, असा माझा प्रस्ताव आहे. मसुदा मी सोबत आणला आहे.

दुसरी विनंती सभासदांना. घरात जुन्या जमाखर्चाच्या वह्या असतील तर रद्दीत देऊ नका. लढाया आणि वतनं त्यांत सापडणार नाहीत. पण बी कधी घेतलं, खड्डा कधी खणला, मजुरी किती दिली, हे सापडेल. आणि ज्यांच्या घरी ऐंशीच्या पुढची आजी आहे त्यांनी तिला परसबागेबद्दल विचारून लिहून घ्या. विशेषतः खड्डा कधी परतायचा, हे विचारा. आणखी दहा घरांतून पंधरा दिवस, महिना, दोन महिने हे उत्तर आलं, तर माझा तर्क पक्का होईल. वेगळं आलं, तर तेही पुढच्या बैठकीत वाचून दाखवीन.

या वर्षी बी राखलं आहे. हवं असेल त्यांनी रिकामी पुडी घेऊन यावं. फक्त दाट टाकू नका.